टेपखालची जागा

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बबनरावांनी लपवलं. चौतीस वर्षं मी मोटारींच्या कारखान्यात पेंट शॉपला होतो. हातात रंगाची गन, तोंडाला मास्क आणि समोरून एकामागून एक येणाऱ्या गाड्यांच्या नुसत्या बॉड्या. रंगाचा एक ओघळ आला की अख्खी बॉडी घासायला परत जाते आणि मग साहेबापासून हेल्परपर्यंत सगळे आपल्याकडे बघतात. अशा कामात माणूस तापट झाला नाही तरच नवल. रंगाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

रिटायर झालो त्या दिवशी आमच्या खात्यातल्या मंडळींनी मला उघड्या जीपमधून घरी आणलं. आमच्याकडे पिंपरी-चिंचवडला ही रीतच आहे. कंपनीच्या गेटवर हार घालायचे, कपाळभर गुलाल फासायचा आणि पुढे ढोल-ताशा लावून माणसाला त्याच्या दारापर्यंत पोचवायचं. चिखलीतल्या आमच्या दारात बायकोनं, शालननं, मला ओवाळलं. सून दिपाली शेजारी उभी होती. तिनं सहज विचारलं, "मामा, आई रिटायर झाल्या की त्यांना कोण आणणार?"

मला हारांचीच चढली होती. मी म्हणालो, "तिला कंपनीची बस हाय की."

सगळे हसले. शालनही हसली, पण जरा उशिरा.

तीन वर्षं ते माझ्या मनातून गेलं नाही. शालन चाकणच्या कंपनीत वायरिंग हार्नेसच्या लाइनवर होती. गाडीच्या अंगात ज्या शेकडो तारा फिरतात त्यांचा एकत्र बांधलेला जुडगा म्हणजे हार्नेस. त्या लाइनवर सगळ्या बायकाच. कंपनी भोसरीत होती तेव्हापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, ती उभ्यानं तारा बांधत आणि तपासत आली. सकाळी सहाला कोपऱ्यावर बस, दुपारी चारच्या पुढे त्याच कोपऱ्यावर परत. कंपनीची जागा बदलली, बस बदलली, खिडकीशेजारची तिची जागा तेवढी बदलली नाही. अशा बाईबद्दल मी चारचौघांत काय बोलून गेलो, तर बस हाय की. माझी मलाच लाज वाटत होती. पण लाज वाटली म्हणून तसं तोंडाने सांगायचं, हे आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. म्हणून मी ठरवलं की तिला आपण आणायचं. आपल्याच जीपमधून, हार-फुलं लावून, तिच्या कंपनीच्या गेटपासून दारापर्यंत.

जीप वडिलांनी घेतलेली, शहाऐंशी सालची, पेट्रोलवर चालणारी. पत्र्याच्या शेडमध्ये ती असायची आणि महिन्यातून एकदा मी तिला देहूपर्यंत फिरवून आणायचो. इंजिन झकास होतं, पण अंगावर गंजाचे चट्टे. शालनला मी सांगितलं, जीप विकायला काढलीय, रंग दिला की गिऱ्हाईक मिळेल. ती म्हणाली, "बरं झालं, शेड तरी मोकळं होईल." मग मी पुढचे दोन महिने शेडमध्येच काढले.

त्या रंगाबद्दल मी थोडं सांगणार आहे आणि ते ऐकावंच लागेल. सीट काढल्या, बॅटरी काढली, काच काढली, चेसीपर्यंत सगळं उघडं केलं. गंज खरवडला, दोन हात प्रायमर दिला, त्यावर डाळिंबी रंगाचे तीन हात आणि वर लॅकर. कारखान्यात वेळेचं बंधन असतं, शेडमध्ये नव्हतं. बॉनेटच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या खालच्या पत्र्याला, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा कोनाकोपऱ्यातही मी गन फिरवली. काम झालं तेव्हा बॉनेटमध्ये बघून मी मिशा विंचरल्या, एवढंच सांगतो.

एप्रिलच्या तीस तारखेला शालनचा शेवटचा दिवस होता. पहिली शिफ्ट, साडेतीनला सुट्टी. पावणेचारला कंपनीची बस गेट सोडते आणि तिचा ड्रायव्हर दौलतराव एक मिनिट कुणासाठी थांबत नाही, हे मी सत्तावीस वर्षं ऐकत आलो होतो. सकाळी शालन बसने गेली. तिची पाठ वळताच मी बॅटरी बसवली, तारा बोल्टांना कसून आवळल्या आणि चावी फिरवली. दोनदा खोकून जीप सुरू झाली. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या.

दिपाली झेंडूच्या माळा घेऊन आली. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मामा, आईंना अगोदर कळू देऊ नका. नायतर त्या लाजून कंपनीच्या मागच्या दारानं निघून जातील."

चिखलीहून मोशी, मग नाशिक रस्त्याने चाकण. रस्ताभर लोक वळून वळून बघत होते. चिंबळी फाट्याला ट्रॅफिकमध्ये एका कंटेनरवाल्याने खाली वाकून विचारलं, "चाचा, नई है क्या?" माझी छाती शर्टात मावेना.

तीन वाजता मी शालनच्या कंपनीच्या गेटवर पोचलो. इंजिन बंद केलं, माळा नीट केल्या, फडक्याने धूळ टिपली. सव्वातीनच्या सुमारास गेटवरचा वॉचमन आला आणि म्हणाला, "काका, इथं बस लागते. गाडी जरा पुढं घ्या." मी चावी फिरवली. बॉनेटमध्ये एकदाच टक् असा आवाज झाला आणि सगळं थंड. पुन्हा फिरवली. आता तेवढाही आवाज नाही. हॉर्न दाबला, हॉर्न नाही. लाइट लावली, लाइट नाही. मीटरचा काटासुद्धा हलेना. जीपमधला जीवच गेला होता.

तारांमधलं मला काही कळत नाही, आणि घरात सत्तावीस वर्षं तारांत काम करणारी बाई असून कधी समजून घेतलं नाही. वॉचमन आणि दोन ट्रकवाल्यांनी धक्का मारून पाहिला. पण ही पेट्रोलची गाडी, बॅटरीतून ठिणगी मिळाल्याशिवाय ती धक्क्याने कशी चालू व्हायची. धक्का मारून जीप वीस पावलं पुढे गेली एवढंच, बसला जागा झाली.

समोरच रोहिदासचं गॅरेज होतं. म्हणजे एक पत्रा, एक बाकडं आणि टायरांचा ढीग. रोहिदास आमच्याच गावकीतला, तिशीतला, कामाला चांगला. त्याला हाक मारली तसा तो टेस्टर घेऊन धावत आला. टेस्टर म्हणजे एका वायरच्या टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला चिमटा आणि मध्ये छोटासा दिवा. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा, सुई तपासायच्या तारेवर टेकवायची. करंट असेल तर दिवा लागतो.

त्याने चिमटा उघडला आणि बॉनेटच्या कडेला लावायला हात नेला. मी ओरडलो, "ए, हात काढ. त्या दातांनी ओरखडा पडंल. लॅकर हाय त्यावर."

"आण्णा, चिमटा कुठंतरी धरायला पायजे ना."

"बॅटरीला धर. रंगाला लावायचा न्हाई."

रोहिदासने मुकाट्याने चिमटा बॅटरीच्या काळ्या टोकाला लावला. मग सुई एकेका ठिकाणी टेकवत गेला. बॅटरीवर दिवा लागला. फ्यूजवर लागला. चावीच्या मागे लागला. हॉर्नच्या तारेवर लागला. सगळीकडे लख्ख. रोहिदासने डोकं खाजवलं.

"करंट सगळीकडं हाय, आण्णा. फ्यूज चांगले, बॅटरी चांगली, चावी चांगली. मग हिला काय झालंय?"

"ते मी तुला विचारतोय."

त्याने बॅटरी बदलून पाहिली. गॅरेजमधली चार्ज केलेली दुसरी लावली. तीच गत. सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला, हलकेच हातोडीने ठोकायला गेला तर मी त्याचा हात धरला, कारण सेल्फलाही मी काळा रंग दिला होता. रोहिदास घामाघूम झाला. माझं डोकं तापलं होतं, पण रागवायचं कुणावर हे कळत नव्हतं. म्हणून मी वॉचमनवर रागावलो. तो बिचारा मला पाणी घेऊन आला होता.

साडेतीनचा भोंगा झाला आणि बायका गेटमधून बाहेर पडायला लागल्या. निळे ॲप्रन हातावर टाकलेले, डबे, पिशव्या, बोलणं आणि हसणं. त्यांच्या मधोमध शालन. अंगावर मोरपिशी साडी, काखेत कंपनीनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ, नारळ आणि शाल. गळ्यातला हार तिने काढून पिशवीत कोंबला होता, अर्धा बाहेर लोंबत होता. तिने मला पाहिलं आणि जागीच थांबली.

"अवो, तुमी हितं? घरी समदे बरे हायत ना?"

"बरे हायत. तुला न्यायला आलोय."

तिने जीपकडे पाहिलं. डाळिंबी रंग, झेंडूच्या माळा, पुढच्या काचेवर मी स्वतः लिहून आणलेला कागद. "सौ. शालनबाई, सत्तावीस वर्षांची सेवा." कागदही तिने पूर्ण वाचला. मग तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि नुसतं धरून ठेवलं.

"इकणार व्हता ना तुमी ही?"

"खोटं बोललो."

बायकांमध्ये एकच कल्लोळ झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मोबाइल काढले. आणि त्या सगळ्या गलक्यात मला सांगावं लागलं की जीप बंद पडलीय. कसं सांगितलं ते माझं मला माहीत. मागे बसचं इंजिन सुरू झालं. पावणेचारला पाच मिनिटं होती.

"तू बसनं हो पुढं," मी म्हणालो. "मी येतो मागनं, रोहिदास करतोय काम."

तीन वर्षांपूर्वी जे गंमत म्हणून बोललो होतो, तेच आता मी तिला खरोखरच करायला सांगत होतो. त्या क्षणी जीपला काडी लावावीशी वाटली. शालन मात्र हसली आणि म्हणाली, "असू द्या. रंग लई चांगला झालाय." आणि वळून बसमध्ये चढली. खिडकीशेजारच्या तिच्या जागेवर जाऊन बसली. घड्याळ मांडीवर, नारळ घड्याळावर.

तेवढ्यात तिच्या मागच्या खिडकीतून एका पोरीने डोकं बाहेर काढलं. ही उत्कर्षा. लातूरकडची पोर, सहा वर्षं लाइनवर शालनच्या शेजारी उभी राहणारी. घरी जेवायला यायची म्हणून मी तिला ओळखत होतो.

"काका, मावशींना विचारलंत का?"

"काय विचारू?"

"गाडीत काय बिघडलंय ते. तारेचंच काम आहे ना? आमच्या तपासणीच्या बोर्डावर हार्नेस फेल झाला तर साहेब मावशींना बोलावतात. मेकॅनिकला विचारलं, वॉचमनला विचारलं, मावशींना विचारलंच नाही तुम्ही."

चाळीस बायका खिडक्यांतून माझ्याकडे बघत होत्या. रोहिदासही बघत होता. खरं सांगतो, मला ते सुचलंच नव्हतं. आणि सुचलं असतं तरी मी विचारलं असतं की नाही याची खात्री नाही. पण आता चार मिनिटं उरली होती आणि ती त्या बसने गेली असती तर तो दिवस मला पुन्हा कुठून मिळणार होता. मी खिडकीपाशी गेलो. खिडकी उंच, त्यामुळे मान वर करून बोलावं लागलं.

"शालन, जरा बघतीस का? मला कळंना."

"मी?" ती म्हणाली. "मी कधी गाडीला हात लावलाय का? आमच्याकडं तार येती, गाडी येत न्हाई."

"तरी बघ."

तिने नारळ उत्कर्षाच्या हातात दिला आणि उतरली. तिच्यामागे उत्कर्षा, तिच्यामागे निम्मी बस. दौलतरावाने हॉर्न वाजवला. बायकांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने इंजिन बंद केलं आणि स्वतःही खाली उतरला. वॉचमन म्हणाला, हे असं तो नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच घडलं.

शालनने पदर खोचला आणि बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. सगळ्यात आधी म्हणाली, "बाई, आत पण रंगवलंय व्हय." त्या गोंधळातही मला बरं वाटलं.

"रोहिदास, तू काय काय बघितलंस?"

रोहिदासने सुई पुन्हा एकेका तारेवर टेकवून दाखवली. प्रत्येक ठिकाणी दिवा लागला. शालन सुईकडे बघतच नव्हती. ती दुसऱ्या टोकाकडे, चिमट्याकडे बघत होती.

"ह्यो चिमटा बॅटरीला का लावलास?"

रोहिदासने माझ्याकडे पाहिलं. मी जरा खाकरलो. "ओरखडा पडंल म्हणून मीच सांगितलं."

"आमच्या बोर्डावर तारेचं एक टोक लावलं तर दिवा लागत न्हाई," शालन म्हणाली. "दोनी टोकं लावावी लागत्यात. गेलेला करंट माघारी यायला पायजे. गाडीत त्यो कुठनं माघारी येतो?"

"बॉडीतनं, मावशी," रोहिदास म्हणाला. "समदं लोखंडच माघारी आणतं. मग ह्या काळ्या तारेतनं बॅटरीत."

"मग चिमटा बॉडीला लाव. बघू येतो का."

रोहिदास थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी मान हलवली. त्याने चिमटा रंग नसलेल्या इंजिनाच्या एका नटाला लावला, कारण तोही आता माझ्या रंगाला घाबरत होता. सुई बॅटरीवर टेकवली. दिवा लागला नाही. फ्यूजवर टेकवली. नाही. कुठेच नाही.

"जातोय, पण माघारी येत न्हाई," शालन म्हणाली. ती आता अगदी शांत बोलत होती. घरी मीठ जास्त पडलंय हे ती असंच शांतपणे सांगते. तिने बॅटरीची जाड काळी तार बोटांमध्ये धरली आणि बोटं पुढे पुढे नेत तिच्या टोकाशी थांबली. तारेच्या टोकाला पितळेची गोल कडी, आणि त्या कडीतून बोल्ट चेसीत आवळलेला.

"हिला आमी अर्थिंगची रिंग म्हणतो. रोज पाचशे बसवल्यात मी. शेवटचं काम हेच, रिंग दाबायची आणि पिशवीत भरायची." तिने त्या कडीवर बोट टेकवलं. "ती कुठं बसती ते आज बघितलं. ह्या बोल्टाच्या खाली काय हाय?"

हा प्रश्न मला होता. आणि मी, मूर्खासारखा, अभिमानाने उत्तर दिलं.

"दोन हात प्रायमर, तीन हात रंग आणि वर लॅकर."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं.

कारखान्यात बॉडी माझ्यासमोर यायची तेव्हा तिच्यावर जागोजागी रुपयाएवढ्या गोल पिवळ्या टेप चिकटवलेल्या असायच्या. माझ्या आधीच्या स्टेशनवर दोघे जण दिवसभर तेवढंच काम करायचे. मी त्यावरून गन फिरवायचो, पुढच्या स्टेशनवर कुणीतरी टेप काढायचा. चौतीस वर्षांत त्या टेपखाली काय असतं हे मी कधी विचारलं नाही. माझं काम एकच, जे उघडं दिसेल त्यावर रंग मारायचा. शेडमध्ये माझ्या आधी टेप लावणारं कुणी नव्हतं. मी सगळं उघडं पाहिलं आणि सगळं रंगवलं. तिने सत्तावीस वर्षं तारेला ती कडी बसवली, मी चौतीस वर्षं त्या कडीच्या जागेवरून हात फिरवला, आणि दोघांनाही ती जागा चाकणच्या गेटवर पहिल्यांदा दिसत होती.

"टेप," मी म्हणालो. "हितं टेप असती गं. ही जागा रंगवायची नसती."

रोहिदासने कपाळावर हात मारला. "आण्णा, रंगातनं करंट कसा जाईल. सकाळी बोल्टाच्या आट्यांतनं थोडा जात असंल. मगाशी सेल्फ मारला तवा तेवढा पण जळाला."

"मग खरवडा," शालन म्हणाली.

रोहिदासने गॅरेजमधून कानस आणली. पण ती मी घेतली. आपला रंग दुसऱ्याने खरवडलेला मला बघवला नसता. बोल्ट काढला, कडी बाजूला केली. खाली तो डाळिंबी रंग, आरशासारखा. दोन महिने. मी डोळे बारीक केले आणि कानस चालवली. बायका कसल्यातरी पूजेला जमल्यासारख्या वाकून बघत होत्या.

"झालं?" मी विचारलं.

शालनने बोट फिरवून पाहिलं. "अजून. चांदी दिसली पायजे."

"पुरे झालं की."

"अवो, आमच्याकडं असलं पीस रिजेक्ट करत्यात. अजून घासा."

बायका खो खो हसल्या. दौलतरावसुद्धा हसला. माझ्यावर असं हसलेलं मला एरवी चालत नाही, पण त्या दिवशी मीही हसत होतो आणि घासत होतो. चकचकीत पांढरं लोखंड दिसलं तेव्हा शालननेच कडी त्यावर ठेवली, तिचा कोन तिच्या मनासारखा फिरवला आणि बोल्टाचे पहिले दोन आटे हाताने लावले. मग रोहिदासने पान्याने आवळलं.

मी गाडीत बसलो. चावी धरली, पण फिरवली नाही. शालनला हाक मारली. "तूच फिरव."

"मला न्हाई येत."

"चावी फिरवायला काय येतं. दिवा लागला तर चालू, न्हाई लागला तर बंद."

ती दुसऱ्या बाजूने चढली, हात लांब करून तिने चावी फिरवली. मीटरचा काटा उडाला. सेल्फ गुरगुरला आणि जीप अशी सुरू झाली की वॉचमनने दोन पावलं मागे उडी मारली. मग जो आवाज झाला तो जीपचा नव्हता, चाळीस बायकांचा होता. कुणीतरी पिशवीतला हार ओढून काढला आणि शालनच्या गळ्यात घातला. उत्कर्षाने झेंडूची एक माळ रोहिदासच्याही गळ्यात टाकली. तो लाजून टायरांच्या ढिगामागे गेला.

निघालो तेव्हा चार वाजून गेले होते. मी आरशात पाहिलं तर मागे बस. आळंदी फाट्याला दोन बायका उतरतात, बस थांबली नाही. कुरुळीला सहा जणी उतरतात, कुणी उतरलं नाही. मला वाटलं दौलतराव उशीर भरून काढतोय. पण चिंबळी फाट्यालाही कुणी उतरलं नाही आणि बसच्या खिडक्यांतून टाळ्या आणि गाणी ऐकू यायला लागली, तेव्हा कळलं की अख्खी बस शालनला सोडायला येतेय. मोशीपाशी ट्रॅफिक तुंबला होता. पुढे डाळिंबी जीप, मागे गाणारी बस, आणि बाजूचे लोक बाईकवरून विचारत होते, कुणाचं लग्न.

शालन पदर सावरत, हार सावरत बसली होती. नदीच्या पुलावरून जाताना ती म्हणाली, "हार घालून तर समद्यास्नीच नेत्यात."

"मग?"

"काय न्हाई. तुमी आज बसच्या खिडकीपाशी येऊन इचारलंत. लाइनवर साहेब इचारायचे. घरात कुणी इचारलं न्हवतं."

मी गिअर बदलला. पुढे सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणालो, "आता इचारत जाईन." ती म्हणाली, "बघू."

चिखलीच्या आमच्या गल्लीत बस आत येईना, दौलतरावाने ती कोपऱ्यावर लावली आणि तोही बायकांबरोबर चालत आला. दारात दिपाली ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती, तिच्यामागे अर्धी गल्ली. शेजारपाजारचे रंगावर हात फिरवायला लागले होते आणि मी कुणालाही थांबवलं नाही.

दिपाली हसत म्हणाली, "आणलं बाई मामांनी आईंना. बोलल्याप्रमाणं वाजत-गाजत आणलं."

सगळे माझ्याकडे बघत होते. या क्षणासाठी मी दोन महिने एक वाक्य घोळवून ठेवलं होतं, चांगलं मोठं. ते मला आठवलंही. पण ते आता खरं राहिलं नव्हतं.

"म्या न्हाई आणलं," मी म्हणालो, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "माझ्या रंगानं गाडी गेटवर मेली व्हती. म्या हिला बसमधी बसवलं व्हतं. हिनं उतरून गाडी चालू केली आणि मला घरी आणलं."

शालनने माझ्याकडे पाहिलं आणि मग तिने पदराने डोळे टिपले, सगळ्यांसमोर, काही न लपवता. दिपालीने ताट तिच्यापुढे धरलं. मी जीपमधून उतरलो आणि लाइनवरच्या बायकांच्या मागे जाऊन उभा राहिलो, कारण तिथून ती मला नीट दिसत होती.